चिंचा फोडणारं कॉलेज

मुखेडकर मास्तर उंबऱ्यात उभे दिसले की गल्लीतल्या बायकांनासुद्धा कळायचं, कुणीतरी विद्यार्थी अजून परतलेला नाही. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात उपरण्याचं टोक, आणि त्या टोकाला पीळ घालणं चालू. यायला जेवढा उशीर, तेवढा पीळ घट्ट. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणायच्या, "लोकांची उपरणी फाटतात. आमची पिळून मरतात."

मास्तर हैदराबादच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. तिथं त्यांना सगळे प्रोफेसरसाहेब म्हणत. दम्यानं बेजार होऊन ते नांदेडला घरी आले आणि गल्लीनं आल्या दिवशीच त्यांचा मास्तर करून टाकला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना वाटायचं ते वेगळ्याच गोष्टींचं. उन्हाचं, मोकाट कुत्र्यांचं, गोदावरीतल्या डोहांचं, पोलिसांचं, आणि सगळ्यांत जास्त, एखादं पोर चुकीचा निष्कर्ष काढून खुशीत घरी जाईल याचं.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. नांदेडला तेव्हा कॉलेज नव्हतं. नांदेड-लातूरकडची मुलं हैदराबादला जायची, उर्दूतून रसायन आणि तर्कशास्त्र शिकायची, आणि उन्हाळ्यात घरी येऊन आंबे खात आडवी व्हायची. मास्तरांना हे आडवं होणं बघवत नसे. ते एकेकाला गाठून त्याच्या त्याच्या विषयातला एक सवाल देत. सवाल असा, की ज्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. "पुस्तकाला काय विचारता?" म्हणायचे. "ते बिचारं हैदराबादेत छापलेलं. गावाला विचारा."

मी तेव्हा इंटरला होते. नांदेडातून हैदराबादला शिकायला गेलेल्या मुली हाताच्या बोटांवर मोजाव्यात, त्यातलं मी एक बोट. आणि ते बोट किती ताठ होतं म्हणता! दादांचं, म्हणजे माझ्या वकील वडिलांचं, फाउंटन पेन मी पदराला अडकवून फिरायची. चष्मा लागत नव्हता याचं मनापासून दुःख करायची. मास्तरांनी मला विचारलं, काय करायचं ठरवलंयस? मी सांगितलं, प्राचीन काळापासून आजतागायत नांदेडचा समग्र इतिहास लिहिणार.

मास्तरांनी मान डोलावली. "बरं. आणि दुपारच्याला काय करशील?"

मग त्यांनी मला दिलं काय, तर जात्यावरच्या ओव्या. बायका दळताना ओव्या म्हणतात, त्यात गावांची नावं येतात. कुठल्या गावची लेक कुठल्या गावात दिली, कोण कुठं माहेराला जाते, ते जमव म्हणाले. सोयरिकीच्या वाटा हाही इतिहासच आहे. मी घरी जाऊन रडले. राजे-महाराजे मागितले होते, पदरात पीठ पडलं.

माझ्यासारखेच आणखी दोघं नेमानं यायचे. गफूर आमच्याच गल्लीतला, गणित शिकणारा. गोदावरीचं पाणी कुठं किती वेगानं वाहतं हे काढायचं काम त्याच्याकडे. त्यासाठी तो घाटावरून दुधी भोपळे सोडायचा आणि काठानं पळत जायचा. एकदा आला तो घामाघूम, हात रिकामे. म्हणाला, "मास्तर, एक भोपळा धोब्यानं उचलला. त्याची भाजीबी झाली. आता वेग शून्य धरू का?" मास्तर हसले. त्यांना हसताना खोकला यायचा, म्हणून ते जपून हसत. आणि हसून झाल्यावर लगेच काळजी: धोब्याला वाटलं असेल का, की आपण चोरी केली? काकूंना आणखी एक भोपळा घेऊन धोब्याकडे जावं लागलं, पहिला आनंदानं खा असं सांगायला.

दुसरा विनायक. लातूरचा. उंच, अबोल, वजिफ्यावर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीवर, शिकणारा. वजिफा गेला तर कॉलेज गेलं, आणि कॉलेज गेलं तर लातूरला एका आडत दुकानात वडिलांच्या शेजारी बसणं आलं. डॉक्टर व्हायचं त्याच्या मनात पक्कं होतं. उन्हाळ्यापुरता तो मास्तरांकडेच राहायचा. त्याला मास्तरांनी नारू दिला होता.

माझ्या नातवंडांना नारू माहीत नाही, आणि नाही तेच बरं. पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर निघायचा. तो काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस आडवं. नारूवाला जखमेचा पाय घेऊन बारवेच्या पायऱ्या उतरला, पाण्यात पाय बुडाला, की ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभरानं तसाच दोरा निघणार. दोर सोडून पाणी शेंदायच्या आडात कुणाचे पाय जात नाहीत, म्हणून तिथं नारू नाही. हे डॉक्टरांना ठाऊक होतं. विनायकानं मुदखेडच्या अलीकडची खेडी पालथी घालून नकाशा काढला: बारवेला काळा ठिपका, आडाला मोकळा, आणि नारूच्या घराला फुली. फुल्या ठिपक्यांभोवती पडायला हव्या होत्या. पडल्याही. पण काही फुल्या मोकळ्या आडांच्या गावांतही पडल्या होत्या.

विनायकाचं तोंड उतरलं. मास्तरांचं त्याहून जास्त. "मी इतकी वर्षं वर्गात पाणी नि नारू, पाणी नि नारू करून राहिलो. ते चूक असलं तर किती पोरांना चुकीचं शिकवलं?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दर रविवारी मास्तरांच्या ओसरीवर आम्ही बसायचो. त्या दिवसांत चार डोकी एकत्र बसली की परवानगी लागायची आणि गल्लीतून कोण बघून जाईल त्याचा नेम नसायचा. मास्तरांनी यावर तोड काढली होती. प्रत्येकापुढं चिंचांचा ढीग. बोलायचं ते चिंचा फोडत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, मुखेडकरांकडे वर्षाच्या चिंचा चालू आहेत. काकू चिंचोके वेगळे करायला मध्ये बसायच्या. त्या उन्हाळ्यात मास्तरांच्या घरी इतक्या चिंचा फुटल्या, की वरणात, भाजीत, सारात, सगळीकडे आमचा रिसर्च उतरला होता.

आणि बोलायचं कसं? आपलं काम आपण मांडायचं नाही. ते दुसऱ्या विषयाच्या माणसानं मांडायचं, आणि आपण गप्प बसून ऐकायचं. मास्तर म्हणायचे, आपल्या कामातली भोकं आपल्याला दिसत नाहीत, आपण त्यांच्यावर पाय देऊन उड्या मारत जातो. दुसरा मात्र बरोबर त्यात पडतो. माझ्या ओव्या गफूरकडे गेल्या. त्यानं ओवी मांडली ती जवळजवळ गाऊन, आपल्या दखनी हेलात, डोळे मिटून. काकूंनी चिंच खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला. मला काही कळेना, हसतायत की रडतायत.

गफूरचं अक्षर सुंदर. एकदा त्यानं आपल्या कागदावर वर उर्दूत वळणदार लिहिलं, प्रोफेसर मुखेडकरांच्या देखरेखीखाली. मास्तरांनी ते खोडलं. ज्याचं काम त्याचंच नाव, दुसऱ्या कुणाचं अक्षर वर नको.

"पण मास्तर, तुम्ही केलंच ना सगळं?"

"मी काय केलं? मी नुसता घाबरून राहिलो."

विनायकाचा नारू मांडायची पाळी माझ्यावर आली. मला वाटलं, चला, निदान शास्त्र तरी हाती लागलं. आडाचं एक गाव बघून यायला मी काकूंबरोबर छकड्यानं गेले. विनायकानं तिथं दाराशी उभं राहून पुरुषांना विचारलं होतं. परक्या तरण्या मुलानं दुसरीकडे कुठं विचारायचं? पुरुषांनी सांगितलं, हाव, आमच्या घरात एकीला नारू हाय, गाव हेच. त्यानं फुली मारली. काकूंमुळे मला स्वयंपाकघरात पाट मिळाला. पायाला काडी बांधून एक सून बसली होती. उन्हाळाभर ओव्या गोळा करून माझ्या तोंडात एकच प्रश्न बसला होता, तोच बाहेर पडला: माहेर कुठलं?

तिनं गावाचं नाव सांगितलं. बारवेचं गाव. मागच्या उन्हाळ्यात महिनाभर तिथं राहून आली होती. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात सासू होती, तीही लेकीच्या सासरी, बारवेच्याच गावात, बाळंतपणाला राहून आलेली. नारू आडाच्या गावात निघत होता, पण प्यायला गेला होता माहेरी, नाही तर लेकीकडे.

मी परत आले ती हवेत. नकाशा समोर घेतला, तांबडी शाई काढली आणि प्रत्येक माहेरापासून सासरच्या फुलीपर्यंत बाण काढले. साधे नाहीत. टोकाला धार आणि शेपटीला पिसं. बाजूला माझ्या अक्षरात, कुठून कुठं, कोणत्या महिन्यात. मला वाटलं, आता जगात काढायचा नकाशा शिल्लक राहिला नाही.

रविवारी मी तो मांडला. विनायक नियमाप्रमाणे गप्प बसला, पण त्याच्या हातातली चिंच किती तरी वेळ फुटलीच नाही. मास्तर नकाशावर वाकले. वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "सध्या तरी चूक सापडंना." याच्यावरची शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. नकाशा लातूरच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना दाखवायचा आणि बारवांच्या पायऱ्यांना खालून दगडी बांध घालायला सांगायचं, असं ठरलं.

सकाळी मास्तरांना पुन्हा शंका आली. तिसऱ्या घरची सासू खरंच गेली होती का? त्यांनी विनायकाला म्हटलं, एकदा ताडून ये. आणि नकाशा घेऊन जा, जागेवर बघून खूण कर.

विनायक मुदखेडच्या गाडीनं गेला. दुपारी यायचा तो आला नाही. मास्तर उंबऱ्यात उभे राहिले. दिवे लागले तरी उभेच. काकूंनी पाट आणून ठेवला, बसले नाहीत. सकाळी दादांना कचेरीतून कळलं. मुदखेड स्टेशनावर झडती चालू होती. सरहद्दीपलीकडून निजामाविरुद्धची माणसं, निरोप, काय काय येत होतं, आणि अशा दिवसांत एका मुलाच्या पिशवीत नकाशा सापडला होता: खेडी, पाण्याच्या जागा, आणि एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात जाणारे तांबडे बाण. बाजूला महिने.

काय होणार, हे दादांनी न लपवता सांगितलं. हैदराबादला खटला. वजिफा जाईल, कॉलेज जाईल, आणि ते दिवस असे की आत गेलेला मुलगा कधी बाहेर येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तांबडं अक्षर कुणाचं?

मी पदराचं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. पेन ते काय, त्यांचंच होतं.

कचेरीत दादा मास्तरांबरोबर वकील म्हणून गेले. मला त्यांनी बाहेरच्या बाकावर, खिडकीखाली बसवलं. विचारलंच तर जवळ असावी म्हणून, आणि विचारू नये म्हणून सारखे देवाचं नाव घेत. मास्तरांनी कॉलेजातली जुनी शेरवानी घातली होती. उपरणं नव्हतं, म्हणून हात शेरवानीच्या गुंडीला. ती गुंडी आता तुटणार, एवढंच मला दिसत होतं.

अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार, मध्यम वयाचे, मऊ बोलणारे होते. त्याची मला जास्त भीती वाटली. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली. दार लोटायच्या आधी मला एवढं दिसलं, की विनायक कोपऱ्यात उभा आहे. अमीन म्हणाले, लडका म्हणतो, नकाशा माझा, पाण्याच्या रोगाचा आहे. असेल. पण मी वर काय लिहू? मग आवाज आणखी मऊ करून म्हणाले, "प्रोफेसर साब, आप बुजुर्ग आदमी. दमे के मरीज. इतना बोल देव, मेरेकू इसका कुछ मालूम नहीं. और घर जाव."

मी बाकावरून सरकून खिडकीच्या कडेला कान लावला.

मग मास्तरांचा आवाज आला. खोकला नाही, अडखळणं नाही. "लडका झूठ बोलता है. नक्शा मेरा है."

विनायक पुढं सरकला असावा, शिपायानं दटावल्याचं ऐकू आलं, तरी तो म्हणाला, "मास्तर, हे काय करून राहिलात? माझा हाय तो. माझं काम हाय."

"गप बस," मास्तर मराठीत म्हणाले. इतक्या मोठ्यानं बोललेले मी त्यांना कधी ऐकले नव्हते. "तुला नकाशातलं काय कळतं? हमाल हायस तू. कागद इथून तिथं न्यायला ठेवला होता तुला."

मला विनायक दिसत नव्हता, आणि त्या क्षणी दिसू नये असंच वाटलं.

अमिनांनी नकाशा उलगडला. "और ये लाल अक्षर? ये तो दूसरे हाथ का है."

"मेराच है. बाएं हाथ का."

त्यांनी कागद आणि टाक पुढं केला. मास्तरांनी डाव्या हातात टाक धरला. मी हळूच उठून खिडकीच्या गजांतून बघितलं. ज्या माणसानं झाडाच्या पानाच्या शिरा एका रेषेत काढून दाखवाव्यात, तो डाव्या हातानं अक्षर काढत होता. ते कोंबडीच्या पायांसारखं उमटत होतं. माझ्या वळणाशी त्याचं लांबचंही नातं नव्हतं. मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळून कागदावर पडला, तरी ते लिहीतच होते.

अमिनांनी ते अक्षर बघितलं. नकाशावरचं बघितलं. पिसांचे बाण बघितले. मग त्यांनी दादांकडे बघितलं आणि नंतर खिडकीकडे, सरळ माझ्याकडे. मी तिथल्या तिथं उभी. खाली वाकायचंही सुचलं नाही. एवढी मोठी संशोधक, पण लपण्याचा सवाल कुणी घातला नव्हता.

त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. "ठीक है, प्रोफेसर साब," ते म्हणाले. "नक्शा आपका."

विनायक दुपारी सुटला. माझं नाव कुठंच आलं नाही. मास्तर परत आले नाहीत.

विनायक पुढं डॉक्टर झाला. लातूरच्या बाजूला त्यानं पुष्कळ बारवांच्या पायऱ्या बंद करायला लावल्या, त्यासाठी लोकांशी भांडला. कधी भेट झाली की आम्ही तेवढं सोडून सगळं बोलायचो. एकदाच तो म्हणाला, "सुशीला, ते खोटं बोलतायत हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी अजून टोचतं." मास्तर काही महिन्यांनी, राज्य बदलल्यावर, सुटले. दम्यानं पार पोखरले होते. नांदेडला आलेच नाहीत, काकूंना घेऊन परस्पर लातूरला बहिणीकडे गेले आणि तिथंच गेले. तोवर माझं लग्न होऊन मी विदर्भात पडले होते. नकाशा कुठल्या फडताळात गेला कुणास ठाऊक. बारवांची आणि बाणांची दुसरी प्रत आम्ही काढली, पण ती नंतर, तिघांनी आठवून आठवून, आणि मास्तर नसताना. एकेका फुलीपाशी आम्ही अडायचो आणि कुणीच कुणाला खात्री आहे का म्हणून विचारायचं नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या कचेरीनंतर लगेचच. त्यांना हैदराबादला न्यायचं होतं. दादांकरवी त्यांनी निरोप धाडला होता की स्टेशनावर कुणीही यायचं नाही. कोण भेटायला येतं हे बघायला साध्या कपड्यातली माणसं उभी असतात, एवढं दादांनी बजावून सांगितलं. म्हणजे आम्ही जाणारच. तिघं तीन वाटांनी गेलो. विनायक पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिला, गफूर उतारूंच्या बोचक्यांमध्ये बसला, आणि मी एका लग्नाच्या वऱ्हाडात जाऊन उभी राहिले, जशी काही मी नवरीची मावसबहीण.

मास्तर आले. तीच शेरवानी, एक गुंडी नसलेली. एका मनगटात बेडी, बेडीचं दुसरं टोक हवालदाराच्या हातात. आम्हा तिघांवरून त्यांची नजर गेली. विनायकावरून, गफूरवरून, माझ्यावरून. एखाद्या भिंतीवरून जावी तशी, कुठंही न अडखळता. आम्ही परतलो की उंबऱ्यातून आमची डोकी मोजणारा माणूस हा.

मला ते सहन झालं नाही. किती शहाणी मी! मी हात वर केला. चांगला डोक्याच्या वर, बांगड्या वाजतील असा.

मास्तरांनी बघितलं. हवालदाराचं तोंड आमच्याच बाजूला वळत होतं. मास्तरांनी बेडीचा हात एकदम ओढला आणि रुळांपलीकडे बोट दाखवलं.

"हवालदार साब, वो कौन सा झाड है?"

हवालदार तिकडे वळला. "नीम है," तो म्हणाला. "नीम नहीं देखे कभी?"

"अच्छा. नीम," मास्तर म्हणाले, आणि पानांबद्दल, सावलीबद्दल, फळं कधी येतात त्याबद्दल एकामागून एक विचारत राहिले. हवालदार समजावून सांगत होता. वनस्पतिशास्त्रात केस पांढरे झालेला तो माणूस मान डोलावत कडुलिंबाकडे बघत होता, जन्मात पहिल्यांदाच बघत असल्यासारखा.

गफूरनं मागून माझं कोपर धरलं, तेव्हा कुठं माझा हात खाली आला.